ठोकलेली चांदी

पारनेरच्या पेठेत शिरताना डाव्या हाताला एक अरुंद दुकान होतं. पुढच्या ओट्यावर सहादेव बसायचा आणि मागं, पोत्याच्या पडद्याआड, त्याची बायको मनकर्णा. देवघरात पुजायचे चांदीचे टाक घडवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. गिऱ्हाईक आलं की सहादेव पानाचा डबा पुढं करी, कुलदैवत विचारी, खंडोबा घोड्यावरचा हवा की उभा, देवीला हात आठ की चार, सगळं समजून घेई. पडद्याआडून हातोडीची टकटक ऐकू येत राही. "मागं कारागीर बसलाय," असं सहादेव सांगायचा. ते खोटं नव्हतं. कारागीर कोण, एवढंच तो सांगत नसे.

एकसष्ट साली सहादेवचा उजवा हात बैलगाडीच्या चाकाखाली सापडला होता. हाड जुळलं, पण तीन बोटं वळेनात. हातोडी धरली की निसटायची. महिनाभर दुकानाची फळी उघडली नाही. सासऱ्यांनी ठेवलेले बावीस पितळी ठसे पेटीत धूळ खात पडले. लग्न होऊन आल्यापासून मनकर्णा भाता ओढायची, तयार टाक रिठ्याच्या पाण्यात घासून उजळायची. ठोकायचं काम मात्र पुरुषांचं. एका दुपारी तिनं न विचारताच पेटी उघडली, चांदीच्या पत्र्याचा तुकडा तावून मऊ केला, ठशावर ठेवला, वर शिशाची चकती ठेवली आणि हातोडी उचलली. पहिला टाक फाटला. दुसऱ्या टाकात खंडोबाचं नाक बसलं. सहादेव भिंतीला टेकून बघत होता. तो एवढंच म्हणाला, "चांदीचा आवाज ऐक. ठशाच्या तळाला टेकली की आवाज बदलतो. तिथं थांबायचं."

तिसरा टाक बरोबर उतरला.

त्यानंतर दोन महिन्यांनी सुप्याकडचा एक शेतकरी टाक न्यायला आला आणि त्यानं मनकर्णाला ऐरणीपाशी बसलेली पाहिलं. त्यानं वाद घातला नाही. आपली चांदी परत मागितली, धोतराच्या सोग्यात बांधली आणि वाटेला लागला. बाईमाणसाच्या हातचा देव, त्यात विटाळाचे दिवस, लोकांना ते चालणार नव्हतं. त्याच संध्याकाळी सहादेवनं पोत्याचा पडदा शिवून घेतला.

त्या पडद्याआड मनकर्णानं अकरा वर्षं काढली. पारनेरपासून थेट प्रवरेच्या काठापर्यंत कितीतरी घरांत तिच्या हातचे देव पुजले जात होते आणि त्या घरांना ती ठाऊक नव्हती. तिला त्याचं दुःख होतं असंही नाही. काम चांगलं उतरलं की तिला बरं वाटायचं. फक्त कधीतरी सहादेवची तोंडावर कुणी वाहवा केली की ती हातोडी खाली ठेवून घटकाभर नुसती बसून राहायची.

बहात्तर सालच्या पौषात ती दोघं दरवर्षीप्रमाणे कोल्हारला भगवतीच्या यात्रेला गेली. एसटीच्या टपावर ठशांची पेटी, ऐरण, शेगडी, भाता. देवळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं पाल पडायचं, आणि पालालाही मागं पडदा असायचा. त्या वर्षी त्यांच्याकडं मोठं काम होतं. गावचे ऊसबागाईतदार आप्पासाहेब यांच्या धाकट्या भावाचं लग्न झालं होतं आणि त्याच्या वेगळ्या देवघरासाठी पाच टाक त्यांच्या आईनं, रतनबाईंनी, सांगितले होते. टाक तयार झाले त्या दिवशी सहादेवच्या अंगात कसकस होती. "तूच देऊन ये," तो म्हणाला. मनकर्णानं टाक लाल फडक्यात गुंडाळले, गिऱ्हाइकासमोर वजन करायचा छोटा काटा पिशवीत टाकला आणि निघाली.

आप्पासाहेबांच्या ओसरीवर बैठक भरली होती. आप्पासाहेब गावच्या हायस्कूलच्या कमिटीचे अध्यक्ष. शाळेत इतिहासाचं एक दालन करायचं घाटत होतं आणि त्यासाठी गावानं वर्गणी काढली होती. त्यांच्या शेजारी चष्मा कपाळावर चढवून रंगनाथ गुरुजी बसले होते. तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. समोर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक पाहुणे. नाव सूर्यभानशेठ, नाशिककडून आलेले. त्यांच्यापुढं निळ्या मखमलीची पेटी उघडी होती आणि तिच्यात बारा चांदीची नाणी ओळीनं मांडलेली.

मनकर्णा खांबाशी टेकून बसली. आतून रतनबाई आल्या, टाक ताटलीत घेऊन एकेक निरखू लागल्या. इकडं शेठचं बोलणं चालू होतं. संस्थानिकांचे तनखे सरकारनं बंद केले, त्यामुळं उत्तरेतल्या एका संस्थानच्या जामदारखान्यातला माल बाहेर आला, त्यातली ही नाणी. यवन राजा मिनँडर, आपण ज्याला मिलिंद म्हणतो, त्याची. दोन हजार वर्षांपूर्वीची. तीन हजारांत बारा. मुंबईत एकेकाला पाचशे मोजणारे लोक आहेत.

गुरुजींनी एक नाणं तळहातावर घेतलं. "आप्पासाहेब, मी जन्मभर पोरांना मिलिंद शिकवला," ते म्हणाले, "त्याचा चेहरा आज पाहतोय."

तरी गुरुजी अगदीच भोळे नव्हते. त्यांनी पुस्तक काढलं. "याचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास असायला हवं. आपल्या मापानं वीस गुंजा." मग त्यांची नजर मनकर्णाच्या पिशवीकडं गेली. "बाई, काटा आहे ना तुमच्याकडं? एवढी तोलून द्या."

"जरूर तोला," शेठ म्हणाले.

मनकर्णानं काटा लावला. पहिलं नाणं वीस गुंजा. दुसरं किंचित कमी. तिसरं वीस. शेठ हसत होते, गुरुजी वहीत आकडे टिपत होते. पण नाणं पारड्यात ठेवता-काढताना मनकर्णाचा अंगठा सवयीनं त्यावरून फिरत होता, आणि अंगठ्याला काहीतरी खटकत होतं. चांदी खरी होती. पण ठोकलेली चांदी कशी गुळगुळीत, घट्ट लागते. ही लागत होती रव्यासारखी. राजाच्या नाकाची कड, अक्षरांचे कोपरे, सगळं साबणाच्या झिजलेल्या वडीसारखं बोथट. तिनं नाणं उन्हाकडं धरून काठ पाहिला. काठाला सगळीकडून बारीक कानस मारलेली होती. सातवं नाणं तोलताना राजाच्या कानाखाली एक टोचा दिसला. दहाव्या नाण्यावरही तोच टोचा, तिथंच, तेवढाच.

तिनं काटा खाली ठेवला. गप्प बसावं आणि टाकांचे पैसे घेऊन निघावं, असं तिला एकदा वाटलं. ही मोठी माणसं, हा पुस्तकी विषय. पण गुरुजी मांडीवरची वही मिटून आप्पासाहेबांकडं बघत होते, आणि आप्पासाहेबांनी पैसे आणायला आत दिवाणजीला हाक मारली होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "ही नाणी त्या वक्ताला ठोकून करायचे का ओतून?"

"ठोकून. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चांदीची चकती. का हो?"

"मग ही ती न्हाईत. ही ओतल्याली हायेत."

शेठचं हसू मावळलं. "बाई, तुमचं काम वजनाचं. ते झालं."

"झालं की. पन दोन मान्सं पडली तर दोघांना एकाच जागी, एकाच मापाची खोक कशी पडंल? हे सातवं बघा आन् हे दहावं बघा. एका नाण्याला टोचा पडला, त्याचा साचा घेतला, आन् त्या साच्यातनं दोन्ही काढली."

गुरुजींनी भिंग लावलं. सातवं पाहिलं, मग दहावं. टोचा दोन्हींवर होता.

"एकाच ठशात खोट असेल तर ती दोन्ही नाण्यांवर उमटेलच," शेठ म्हणाले. त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. गुरुजींनीही मान हलवली.

"ठशात खोट आसंल तर नाण्यावर उंचवटा येतो," मनकर्णा म्हणाली. "ठशातला खड्डा म्हंजी नाण्यावरचा फोड. हा तर नाण्यात खड्डा हाय."

"हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं? तुमचे मालक कारागीर ना? मग त्यांना बोलवा. बाईमाणसाला ठशातलं काय कळतं."

आप्पासाहेबांनाही ते पटलं. "खरंय. बाई, सहादेवला घेऊन या. तो सांगंल ते ऐकू."

मनकर्णा उठली. पायरी उतरली, वहाणांत पाय घातले. सोपं होतं. पालावर जायचं, सहादेवला सगळं समजावायचं आणि त्याच्या तोंडून वदवायचं. अकरा वर्षं तेच तर चाललं होतं. पण हा शेठ नुसत्या बोलण्यावर थोडाच ऐकणार होता? तो म्हणेल, करून दाखवा. मग सहादेव आपला अधू हात घेऊन या सगळ्यांपुढं काय करणार? तापानं फणफणलेल्या माणसाची अशी शोभा करायची? आणि ती कुणासाठी, तर आपण तोंड मिटून घेतलं म्हणून. तिनं वहाणा काढल्या आणि परत पायरी चढली.

"त्यांना आनून उपेग न्हाई," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "त्यांचा हात एकसष्टला मोडला. तवापासनं हातोडी मीच मारते. रतनआक्का, तुमच्या देवघरातली भवानी, थोरल्या सूनबाईंचे पाच टाक, आन् आता तुमच्या ताटलीत हायेत ते, समदे मी केल्याले हायेत. म्हनून मला ठशातलं कळतं."

 आप्पासाहेबांनी आईकडं पाहिलं. रतनबाई सोवळंओवळं कडक पाळणारी बाई. ओल्या लुगड्यानं देवपूजा करणारी. त्यांच्या मांडीवर ताटली होती आणि ताटलीत पाच देव. त्यांनी देवीचा टाक उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मनकर्णाच्या मनात सुप्याकडचा तो शेतकरी उभा राहिला.

"अकरा वर्सं मी तुझ्या भवानीला रोज कुंकू लावते," रतनबाई सावकाश म्हणाल्या. "एवढ्या वर्सांत ती माझ्याशी रुसली न्हाई. तिला तुझा हात चालला, मग मी कोन नको म्हननारी?" आणि मुलाकडं वळून म्हणाल्या, "आप्पा, तिचं सामान आनायला गडी पाठव. तिला काय दाखवायचं ते दाखवू दे."

मनकर्णाच्या डोळ्यांपुढं क्षणभर धुकं आलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अंगणात जागा साफ करायला घेतली.

गड्याच्या मागोमाग घोंगडं पांघरलेला सहादेवही आला. ओसरीवरच्या लोकांचे चेहरे पाहून तो काय ते समजला. तो रागावला नाही. शेगडीपाशी बसून डाव्या हातानं भाता ओढू लागला. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, भात्याशी तो आणि ऐरणीशी ती, असं आजवर कधी झालं नव्हतं.

तिनं पेटीतून देवीच्या पादुकांचा लहानसा ठसा काढला. चांदीची जाड गोळी लाल तावली, ठशावर ठेवली आणि वजनदार हातोडीनं दणादण चार घाव घातले. गोळी पसरली, पादुकांची बोटं लख्ख उमटली, काठाला दोन बारीक चिरा गेल्या. "घाव बसला की चांदी भाईर पळती, मग काठ असा उलतो," ती म्हणाली. मग तीच मुद्रा तिनं चाळलेल्या ओल्या मातीत दाबून साचा घेतला, मुशीत चांदी वितळवून त्यात ओतली आणि निवल्यावर जोड बाहेर काढली. बाजूला आलेली चांदीची शिवण कानशीनं घासून टाकली. दोन्ही मुद्रा चिंचेच्या पाण्यात उजळून ताटलीत ठेवल्या.

"गुरुजी, आता भिंग लावा."

लांबून त्या दोन्ही जुळ्या बहिणी वाटत होत्या. भिंगाखाली मात्र त्यांचं नातं तुटलं. एकीचं अंग आरशासारखं, कोपरे धारदार. दुसरीच्या अंगावर सुईच्या टोकानं टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं, बोटं बोथट, काठाला कानशीचे ओरखडे. गुरुजींनी मखमलीतलं एक नाणं उचलून त्यांच्याशेजारी ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. बारावं पाहून झाल्यावर त्यांनी भिंग आप्पासाहेबांच्या हातात दिलं.

"बाराही ओतीव आहेत," ते म्हणाले. "मला दिसत होतं आणि मी पाहत नव्हतो."

आप्पासाहेबांनी पाहिलं. मग शेठकडंही भिंग पुढं केलं. शेठनं ते घेतलं, खरंच लावून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "मलाही असंच कुणीतरी विकलं," ते पुटपुटले. ते खरं की खोटं, कुणी विचारत बसलं नाही.

शेठ नाणी गोळा करू लागले. पेटीच्या झाकणाच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेलं आणखी एक नाणं होतं. डझनाबरोबर वर म्हणून देऊ केलेलं. गुरुजींनी ते सकाळीच बाजूला सारलं होतं. काळं पडलेलं, एका बाजूला सरकून उमटलेलं, अर्धी अक्षरं काठाबाहेर गेलेली. मनकर्णानं हात पुढं केला. "ते द्या जरा."

तिनं ते तळहातावर घेतलं. अंगठा फिरवला आणि अंगठा थांबला. काळ्या थराखाली चांदी घट्ट, गुळगुळीत. काठाला एक चीर, आतून बाहेर फाकत गेलेली, कुणी कानस न लावलेली. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला एक देवी, डाव्या हातात ढाल आणि उजवा हात उगारलेला. देवीच्या वस्त्राची एकेक चुणी ठशाच्या पार तळापर्यंत गेली होती. तिनं तोललं. साडेअठरा गुंजा.

"दीड गुंज कमी," गुरुजी म्हणाले.

"झिजलंय. कितीतरी हातांतनं गेलं आसंल. पन हे ठोकल्यालं हाय, गुरुजी. ठोकनाऱ्याचा हात जरा हुकला, म्हनून बाजूला सरकलं. त्याला वाईट वाटलं आसंल."

शेठचे कान टवकारले. मघा फुकट देऊ केलेल्या नाण्याचे आता त्यांनी अडीचशे सांगितले. गुरुजी घुटमळले. पैसे गावाचे होते. आप्पासाहेबांनी मनकर्णाकडं पाहिलं आणि या वेळी सहादेवला बोलवा म्हणाले नाहीत.

"बाई, घ्यावं का?"

"घ्या," मनकर्णा म्हणाली.

गुरुजी दुसऱ्याच आठवड्यात नाणं घेऊन पुण्याला गेले. जुन्या नाण्यांत उभी हयात घातलेले एक विद्वान त्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी नाणं ठेवून घेतलं, कळवतो म्हणाले. महिना उलटला. पारनेरला मनकर्णा हातोडी मारताना मधेच थांबायची. आपण चुकलो असलो तर? सहादेवला ते कळायचं. "तुझा अंगठा मला ठावं हाय," तो म्हणायचा आणि पुन्हा भाता ओढायचा. पोत्याचा पडदा त्यानं कोल्हारहून आल्या आल्या काढून टाकला होता. त्यापायी दोन गिऱ्हाइकं तुटली. पण कोल्हारची गोष्ट एसटीनं त्यांच्याआधी पोचली होती; दोन गेली तिथं राहुरी, लोणीकडून सात नवी आली, आणि आल्यावर ती थेट ऐरणीशी बोलू लागली.

फाल्गुनात एका बाजारच्या दिवशी रंगनाथ गुरुजी स्वतः पारनेरला उतरले. उन्हानं लाल झालेले, छत्री काखेत. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा न पिता खिशातून पत्र काढलं आणि भर बाजारात मोठ्यानं वाचू लागले. नाणं अस्सल होतं. मिनँडर राजाचं, ठशांत ठोकलेलं. ढालवाली देवी म्हणजे ग्रीकांची अथेना. शेवटी त्या विद्वानांनी लिहिलं होतं की बारा देखणी नाणी नाकारून हे एक कुरूप नाणं ज्यानं निवडलं, त्याच्याकडून आपल्याला शिकायला आवडेल. त्याचं नाव कळवावं.

"मी कळवलं," गुरुजी म्हणाले. "मनकर्णाबाई सहादेव, टाक घडवणार, पारनेर."

शेजारच्या दुकानांतली माणसं गोळा झाली होती. सहादेव उठला आणि गुरुजींसाठी चहा सांगायला गेला. तो परत यायला बराच वेळ लागला आणि आला तेव्हा डोळे धुऊन आला होता.

शाळेच्या दालनाचं उद्घाटन चैत्रात झालं. आप्पासाहेबांनी मनकर्णाला खुर्चीवर बसवलं, पोरांपुढं चार शब्द बोलायला लावले. ती उभी राहिली आणि भाषण न करता पादुकांच्या त्या दोन्ही मुद्रा पोरींच्या हातांत दिल्या, ओतीव कोणती, ठोकीव कोणती, ते ओळखायला सांगितलं. तिसऱ्या रांगेतल्या एका पोरीनं डोळे मिटून, नुसतं चाचपून, बरोबर सांगितलं. मनकर्णा तिला म्हणाली, "तुला माझ्या दुकानात काम हाय."

कार्यक्रम संपल्यावर आप्पासाहेबांनी विचारलं, "बाई, शाळेनं तुम्हाला काय द्यावं?"

"कपाट बंद करायच्या आधी ते नानं घटकाभर माझ्याकडं द्या."

ते नाणं घेऊन ती खिडकीशी उजेडात बसली. राजाकडं तिनं फारसं पाहिलं नाही. ती पाहत होती ती देवी. बोटाच्या पेराएवढ्या जागेत उभी केलेली, तरी उगारलेल्या हातात सगळा जोर उतरलेला. ठसा कोरणाऱ्यानं खांद्यापाशी खोल घेतलं होतं आणि मनगटापाशी उथळ, म्हणून हात पुढं आल्यासारखा वाटत होता. हे तिला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. सासऱ्यांच्या बावीस ठशांवर तिनं हजारो देव उमटवले होते, पण नवा ठसा कोरायचा विचारही तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. तिनं डोळे भरून पाहिलं आणि नाणं गुरुजींच्या हाती परत दिलं.

त्या पावसाळ्यात पाऊस धड पडलाच नाही. दुकानात गर्दी नव्हती. मनकर्णानं पितळेचा एक ठोकळा आणला आणि पोलादी कोरण्या धार लावून घेतल्या. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं. उजवा हात डावीकडं, उंच ते खोल. पहिले दोन ठोकळे वाया गेले. तिसऱ्यावर तिनं दीड महिना काम केलं. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात तिनं पहिला पत्रा त्यावर ठेवला आणि हातोडी मारली. आवाज बदलला तशी ती थांबली. सहादेवनं टाक चिमट्यानं उचलून उजेडात धरला. भगवती होती, आठ किंवा चार हातांची नव्हे, दोनच हातांची. डाव्या हातात ढाल, उजवा उगारलेला, वस्त्राची एकेक चुणी तळापर्यंत गेलेली.

"हा कुनाचा ठसा?" ओट्यावर बसलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं.

"माझा," मनकर्णा म्हणाली आणि दुसरा पत्रा तावायला घेतला.